नवा टाकला

पिंपळगाव बसवंतहून निफाडकडे जाताना रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे दहावीतली चार मुलं एक जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ उभा करत होती. आठ वर्षं बांधावर पडून असलेला ट्रॅक्टर शाळेच्या प्रदर्शनात सुरू करून दाखवायचा, असा बेत होता. रंग आदल्या दिवशी मारून झाला होता. थिनरचा वास रस्त्यापर्यंत येत होता आणि एक मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होता, बॉनेटला हात लावू नका, अजून ओलं आहे. बॉनेटखाली पाण्याचा पंप नवाकोरा दिसला. सहज विचारलं, हा का बदलला? "जुना गेला होता." कशानं गेला? मुलगा गोंधळला. त्यानं पलीकडे वळून हाक मारली, "नाना, पंप कशानं गेला होता?" नाना मिस्त्री ट्रॉलीच्या हबात ग्रीस भरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गळत होता. नवा टाकला."

"नवा टाकला," मुलानं आमच्याकडे वळून सांगितलं.

एवढंच झालं. पण ते दोन शब्द नाशिकला परत येईपर्यंत डोक्यातून गेले नाहीत. मुलांनी जीव ओतून काम केलं होतं, हे दिसत होतं. चारही चाकांच्या नटांवर रंगाचा ओघळ नव्हता, वायरिंग नीट बांधलं होतं, सीटखालची पेटी आतूनसुद्धा रंगवली होती. तरी तो पंप जुना झाला म्हणून गेला, की कशानं तरी मेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मेला असेल, तर ज्यानं जुन्याला मारलं ते तिथेच, नव्याच्या शेजारी, ताज्या रंगाखाली बसलेलं होतं.

खरं तर हे दोन शब्द गावोगावच्या गॅरेजात दिवसभर ऐकू येतात. प्लेट टाकली, रिंग टाकल्या, सील टाकलं. यात मिस्त्रीला बोल लावण्यासारखं काही नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत डावणी, म्हणजे केवडा रोग, दिसली आणि रात्री पाऊस पडून गेला, तर सकाळी फवारणीचा ब्लोअर फिरलाच पाहिजे. त्या वेळी शेतकरी दारात उभा असतो, त्याचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत असतो, आणि बेअरिंगची गोळी कुठल्या बाजूनं झिजली हे पाहायला कुणाला सवड नसते. पार्ट काढायचा, पार्ट टाकायचा, ट्रॅक्टर हाकायचा. हंगामाची ही रीत आहे आणि हंगामात ती बरोबरच आहे. पण दहावीतल्या मुलांना हंगाम नव्हता. त्यांच्याकडे एकवीस दिवसांची सुट्टी होती, बंद पडलेला ट्रॅक्टर होता आणि विचारायला नाना होते. शोधाशोध करण्याची एवढी चांगली संधी पुन्हा आयुष्यात मिळते की नाही, कोण जाणे.

अमेरिकेत शेव्हरॉन कंपनीच्या 'डेलो' या इंजिन ऑइलच्या नावानं अशीच एक स्पर्धा भरत आली आहे. आपल्याकडच्या नववी ते बारावीच्या वयाची मुलं, एकेकटी किंवा गटानं, एखादा जुना ट्रॅक्टर घेतात आणि पुन्हा चालता करतात. पण परीक्षकांपुढे नुसता ट्रॅक्टर जात नाही. त्याच्याबरोबर कामाची वही जाते. काय अवस्थेत सापडला, काय उघडलं, काय मोजलं, खर्च कुठे झाला, कोणी मदत केली, सगळं त्यात. शेवटच्या फेरीत मुलांना परीक्षकांसमोर उभं राहून आपल्या कामाबद्दल बोलावं लागतं. यातलं मला वहीचं फार वाटतं. ट्रॅक्टर रंगवून कोणीही चमकवू शकतो. वहीत मात्र 'नवा टाकला' एवढंच लिहिलं, तर अर्धी ओळसुद्धा भरत नाही. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमानं १९८३ पासून हातानं करत शिकण्याचा मार्ग घालून दिला आणि 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय कितीतरी शाळांत पोहोचवला. आयटीआयला तर 'मेकॅनिक ट्रॅक्टर' असा वेगळा ट्रेडच आहे. म्हणजे जमीन तयार आहे. नाशिक जिल्ह्याइतके शेडमागे उभे असलेले जुने ट्रॅक्टर दुसरीकडे शोधूनही सापडणार नाहीत.

ते का उभे आहेत, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. बागेच्या गाळ्यातून आणि मांडवाखालून आता अठरा-वीस हॉर्सपॉवरचे बुटके ट्रॅक्टर फिरतात. पस्तीस हॉर्सपॉवरचा मॅसी गाळ्यात शिरला तर वळताना ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, आणि तार दोन्ही धोक्यात. मग तो नांगरटीपुरता राहतो, पुढे ट्रॉलीपुरता, आणि एक दिवस बांधावर उभा केला जातो तो कायमचा. घरातला म्हातारा माणूस 'असू दे' म्हणतो म्हणून भंगारात जात नाही, एवढंच. हॅरी फर्ग्युसननं अवजारं जोडायच्या ज्या तीन बिंदूंच्या जोडणीनं आणि हायड्रोलिकनं जगभरची नांगरट बदलली, ती जोडणी याच्या पाठीवर आहे. 'टॅफे' ही ट्रॅक्टर कंपनी १९६० साली चेन्नईत सुरू झाली आणि मॅसीचं हे घराणं आपल्या शिवारात रुजलं. बनावट इतकी साधी की पंधरा वर्षांच्या मुलाला उघडता यावी. तीन सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साधारण साडेतीन इंच. फायरिंगचा क्रम १-२-३, पाठ करायलाही सोपा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं, बोटांना लागतं किंवा कानाला ऐकू येतं.

इंजिन जाम झालेलं असलं की मुलं पहिली चूक करतात ती दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढण्याची. गिअर टाकून ओढलं की इंजिन फिरतंही कधी कधी, पण त्या झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पिस्टनच्या रिंगा बसतात त्या कडा तुटतात. मग आठवड्याचं काम तीन महिन्यांचं होतं. आधी तीनही इंजेक्टर काढायचे. भोकातून टॉर्च मारून आत पाहायचं. बहुतेक वेळा दोन सिलिंडर ठीक असतात आणि एकच गंजलेला असतो, आणि तो कुठला हे ठरवतं सायलेन्सर. या ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा. त्याच्या तोंडावर उलटा डबा घालायची रीत आहे. डबा वाऱ्यानं उडाला आणि पुन्हा कुणी घातला नाही, तर पावसाचं पाणी पाइपातून मॅनिफोल्डमध्ये उतरतं, आणि बंद होताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात जाऊन बसतं. व्हॉल्व्ह बंद असलेल्या दोघांना काही होत नाही. एका डब्याच्या अभावी इंजिन जातं. वहीत लिहायची ही पहिली ओळ. त्या मुलांच्या ट्रॅक्टरलाही दोन नंबरचा सिलिंडरच धरलेला होता. तो नानांनी सोडवला होता, आणि डब्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

सोडवायची रीत अशी. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) निम्मं-निम्मं घेऊन प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण कपभर ओतायचं. चार दिवस, आठ दिवस, थांबायचं. रोज सकाळी थोडी भर घालायची. नुसतं थांबणं हेच मुलांना सगळ्यात अवघड जातं. मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून इंजिन पुढे-मागे हलवायचं, अगदी बोटभर. बोटभर हललं की पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. पूर्ण फेरा फिरेपर्यंत इंजेक्टर लावायचे नाहीत, कारण पिस्टनवर साचलेलं तेल दाबलं जात नाही आणि स्टार्टरनं जोर केला तर रॉडच वाकतो. सेल्फ मारायच्या आधी ऑइल चेंबरचं तेल काढून टाकायचं, कारण ओतलेलं डिझेल रिंगांवरून झिरपून खालीच गेलेलं असतं. आणि पहिल्यांदा सेल्फ मारताना समोर कुणी वाकून पाहायचं नाही. भोकातून काळं तेल फुटभर उंच उडतं.

इथून पुढे मोजमाप सुरू होतं, आणि कामाची खरी गोडीही इथेच आहे. हेड काढल्यावर बोअरच्या वरच्या बाजूला नखाला लागणारी कड असेल, तर लाइनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजलेला आहे. नवी रिंग बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून तिला खाली सरळ ढकलायची, म्हणजे ती तिरकी बसत नाही, आणि तोंडातली फट फीलर गेजनं पाहायची. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा जुना हिशोब, म्हणजे इथे अकरा ते चौदा. फट कमी राहिली तर इंजिन तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि बोअरवर रेघा ओढते. सैल राहिली तर ब्रीदरमधून धूर. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत घट्ट करायचे. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनला बारा थाऊ. हे सगळं फळ्यावर शिकवता येतं, पण फीलर गेजचं पातं फटीत सरकताना बोटाला जो हलका अडथळा जाणवतो, तो फळ्यावर नाही येत. गणितात मागे पडणारी मुलं इथे फार पटकन तयार होतात. हजारांश इंच म्हणजे काय हे त्यांच्या बोटालाच कळलेलं असतं.

पान्यांचंही तसंच. जुन्या मॅसीत बरेच नट-बोल्ट इंची आहेत आणि नंतर कुणी कुणी मिलिमीटरचे घातलेले आहेत. मिस्त्री सूत मोजतात, मुलांच्या हातात मिलिमीटरची पेटी असते. अर्धा इंच म्हणजे चार सूत, १२.७ मिलिमीटर. त्याला तेराचा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला. गंजलेल्या बोल्टवर तो ढिलेपणा पुरतो आणि षटकोनाचा गोल होतो. साडेचार सुताचा, म्हणजे ९/१६ इंची डोक्याचा बोल्ट १४.२९ मिलिमीटर भरतो. त्याला चौदाचा बसत नाही आणि पंधराचा फिरतो. पाऊण इंच मात्र १९.०५, तिथे एकोणीसचा चालून जातो. एक संध्याकाळ बसून मुलांनी हा तक्ता करून भिंतीवर लावला, तर पुढचे पन्नास बोल्ट वाचतात. गोल झालेला बोल्ट काढायचा तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करायचं आणि लाल असतानाच हळू फिरवायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनंच गंज सुटतो.

गंजाचा नाशिकचा असा एक वेगळा चेहरा आहे. बागेत फिरलेल्या ट्रॅक्टरचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा जास्त खाल्लेला असतो. मडगार्डची आतली बाजू, लिंकेजच्या पिना, पीटीओचं, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचं, झाकण. कारण बोर्डो. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण ब्लोअरच्या वाऱ्यानं मागून पुढे येतं आणि पत्र्यावर वाळतं. चुना कमी पडला असेल तर मोकळं मोरचूद लोखंडाला भिडतं, तांबं बाहेर पडून लोखंडावर बसतं आणि लोखंड द्रावणात जातं. पुढे दवात आणि पावसात त्या तांब्याच्या कणाभोवतीचं लोखंड आणखी वेगानं खाल्लं जातं. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात खिळा सोडला की तो तांबूस होतो आणि निळा रंग फिका पडतो, हा प्रयोग या मुलांनी शाळेत केलेला असतो. मडगार्ड खरवडताना निघालेला हिरवट पापुद्रा आणि परीक्षानळीतला तो खिळा एकच आहे, हे सांगणारं कुणी जवळ असायला हवं. मला वाटतं, विज्ञानाच्या शिक्षकांनी एक दिवस शेडमध्ये येऊन बसावं. त्या दिवसाचा तास वर्गात घेतलेल्या दहा तासांइतका भरेल.

गंज काढायला मुलं ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावतात, आणि पत्रा पातळ होतो. छोट्या भागांना याहून चांगला उपाय आपल्या घरात आहे. एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी. प्लॅस्टिकच्या पिंपात भाग बुडवून दोन-तीन आठवडे ठेवायचे. काकवीतली सौम्य आम्लं गंज सोडवतात, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. पण ॲल्युमिनियमचा भाग चुकूनही टाकायचा नाही, तो खाल्ला जातो. वास मात्र येतो, गुऱ्हाळाशेजारच्या शिळ्या गटारासारखा. पिंप घरापासून लांब ठेवलेलं बरं. घाई असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जरवर विद्युत्-अपघटन करायचं. भागाला ऋण टोक, भंगार लोखंडाच्या तुकड्याला धन. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करायचं आणि आसपास विडी-काडी नको.

डिझेलच्या वाटेत एकच शत्रू, पाणी. आठ वर्षं अर्धी भरलेली टाकी आतून घामाजते, ते पाणी तळाशी बसतं आणि तांबडा गाळ तयार होतो. टाकी उतरवून आत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून हलवायची, चार-पाचदा, स्वच्छ येईपर्यंत. यातला रोटरी पंप डिझेलवरच वंगण घेतो, त्यामुळे पाण्याचा एक घोट त्याला पुरतो. हा पंप मुलांनी उघडायचा नाही. काढण्याआधी फ्लँजवरची टायमिंगची रेघ नीट पाहून ठेवायची आणि पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर न्यायचा. हवा काढताना क्रम सोडायचा नाही. आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप, बुडबुडे थांबले की बंद. मग पंपावरचा. शेवटी इंजेक्टरचे नट ढिले ठेवून सेल्फ. इंजेक्टरचा फवारा तपासताना बोट कधीही पुढे धरायचं नाही. त्या दाबानं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमावायची पाळी येते. हे मुलांना एकदा सांगून भागत नाही.

आणि एक गोष्ट तर मोठ्यांनी हजर असल्याशिवाय करूच नये, ती म्हणजे क्लचसाठी ट्रॅक्टर मधून तोडणं. ट्रॅक्टरला चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हाच त्याचा कणा. बोल्ट काढले की कण्याचे दोन तुकडे होतात, आणि पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलत असल्यामुळे इंजिनाचा तुकडा बाजूला कलंडतो. एक्सल आणि त्याच्या वरच्या आधारात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या, मागच्या अर्ध्याखाली लाकडाच्या ओंडक्यांची चळत लावायची, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. आठ वर्षं उभ्या ट्रॅक्टरचा क्लच बऱ्याचदा गेलेला नसतोच, प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटलेली असते. पेडल दाबून, बांधून दोन दिवस ठेवलं आणि इंजिन गरम झाल्यावर ती सुटली, तर तोडायची गरजच पडत नाही. किती क्लच प्लेटा या घाईनं बदलल्या गेल्या असतील.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण रंगाबद्दल सगळेच बोलतात. मूळ लाल कोणता हे बॅटरीच्या पेटीमागे किंवा डॅशबोर्डच्या आत सापडतं, तिथे ऊन पोहोचलेलं नसतं. ग्रीसचे निपल, नंबरची पट्टी, रबर आणि हायड्रोलिकचा चकचकीत दांडा यांवर रंग जाऊ द्यायचा नाही. पॉलियुरेथेन रंग साध्या रुमालानं तोंड बांधून मारायचा नाही, त्यातल्या आयसोसायनेटला योग्य मास्कच लागतो. आणि धुताना गरम इंजिनच्या डिझेल पंपावर गार पाणी मारायचं नाही. आतल्या भागांत मायक्रॉनची फट असते, बाहेरचं आवरण आकसतं आणि पंप जाम होतो.

आमच्याकडचं पाणी हा रेडिएटरचा रोग. निफाड-लासलगावच्या बोअरवेलचं पाणी चहाच्या भांड्यावर पांढरा थर ठेवतं, तेच रेडिएटरच्या नळ्यांत ठेवतं. नळ्या निम्म्या बुजल्या की इंजिन तापतं, आणि दोष पुन्हा पंपाला. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून रेडिएटर भरायचा, तासभर इंजिन चालवायचं, सोडून द्यायचं, स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवायचं. मग शीतक घालताना बोअरवेलचं पाणी न वापरता डिस्टिल्ड पाणी घ्यायचं. मुलांच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर मी वरच्या तोंडातून पाहिला होता. नळ्या मोकळ्या होत्या. म्हणजे पंप या थरानं गेला नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा त्या रस्त्यानं जाणं झालं. सकाळची थंडी होती, शेडसमोर काड्यांचा जाळ केला होता. ट्रॅक्टर सुरू होत होता, आणि सुरू होताना पहिली काही सेकंदं पट्टा किंचाळत होता. त्या मुलानं, तोच मुलगा, भंगाराच्या डब्यातून जुना पंप शोधून काढून टेबलावर ठेवला होता. पंपाच्या शाफ्टखाली एक छोटं भोक असतं, सील गेलं की पाणी तिथून थेंबथेंब गळून सांगतं. या पंपाच्या भोकात कुणीतरी एम-सील कोंबलं होतं. बाहेर पडायला वाट नाही म्हणून पाणी बेअरिंगमध्ये शिरलं आणि ग्रीस दह्यासारखं झालं. पण मुलगा एवढ्यावर थांबला नव्हता. त्यानं बेअरिंग बाहेर काढलं होतं आणि गोळ्यांची वाट खिडकीच्या उजेडात धरून दाखवत होता. ती एकाच बाजूला खाल्लेली होती. "ओढ एकाच बाजूला होती," तो म्हणाला. "आणि हे बघा." नव्या पट्ट्याची एक कड महिन्याभरातच पिसारली होती, आणि डायनामोच्या जागी बसवलेल्या अल्टरनेटरवर त्याच बाजूला काळी पूड पडली होती. पट्टा त्यानं अंगठ्यानं दाबला. दहा-बारा मिलिमीटर दबायला हवा होता, जेमतेम चार दबला. पट्टा किंचाळतो म्हणून कुणीतरी पहार लावून ताणलेला होता.

"नाना, पट्टा ढिला केला तर पुन्हा ओरडेल का?"

नाना हात पुसत आले. काही न बोलता त्यांनी खिशातून सुतळी काढली. एक टोक मुलाच्या हातात देऊन क्रॅंकच्या पुलीच्या कडेला टेकवायला सांगितलं, दुसरं स्वतः ताणून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत आणलं. सुतळी खालच्या पुलीच्या दोन्ही कडांना टेकली होती. वरच्या पुलीपाशी तिच्यात आणि कडेत चार मिलिमीटरची फट होती. अल्टरनेटर मागे बसला होता. पट्टा तिरका चालायचा, किंचाळायचा, कुणी ताणायचं, पंपाचं बेअरिंग मरायचं. मुलानं अल्टरनेटर सोडवून दोन-दोन मिलिमीटरचे दोन वॉशर घातले, पुन्हा सुतळी लावली. आता पुलीची वरची कड टेकली, खालची नाही. नानांनी ज्या लोखंडी पट्टीवर अल्टरनेटर बसवला होता ती काढून टेबलाच्या काचेवर आडवी ठेवली आणि एका टोकावर बोट दाबलं. दुसरं टोक उचललं गेलं. पट्टी पिळलेली होती.

नाना तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. वेल्डिंगच्या जोडावर त्यांनी अंगठा फिरवला.

"ही माझ्याच हातची आहे," ते म्हणाले. "फयान वादळ आलं त्या वर्षी, २००९ ला. डावणीनं बागा चालल्या होत्या, यांचा आजा रात्री अकराला आला होता, सकाळी फवारणी होती. वेल्डिंग मारलं आणि गरम गरमच बोल्ट आवळले."

मुलानं वही उघडली होती. पेन हातात तसंच धरून त्यानं नानांकडे पाहिलं.

"लिहू का?"

"लिही की," नाना म्हणाले, आणि पट्टी सरळ करायला ऐरणीकडे घेऊन गेले.